डमी आधी काढा, गळती मग शोधू

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गोव्यातल्या साखळीजवळच्या गावातलं जुनं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर, तिथे सासूबाई एकट्या, तुम्ही मुंबईला. न्हाणीतला २५ लिटरचा गीझर १३ वर्षांचा. बुडातून थेंब गळतात, खाली फरशीवर तांबूस डाग पडलेत आणि सकाळची पहिली बादली लालसर येते. एक प्लंबर म्हणतो टाकी सडली, नवीन घ्या. दुसरा म्हणतो उतरवून द्या, वेल्डिंग मारून देतो. आणि इंग्लंडात स्विंडनला असलेले तुमचे दीर फोनवर विचारतात, आमच्या बॉयलरला प्रेशरचा काटा असतो, तो खाली आला की गळती कळते, तुमच्या गीझरला का नाही? यातल्या कोणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी अडकलो ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका ओळीपाशी. 'मागच्या वर्षी खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी टपकायचं, ते एकाने डमी मारून बंद केलं.' डमी म्हणजे तोंडाला आवळलेलं बूच. बाकी सगळं चवथीला गावी याल तेव्हा निवांत बघता येईल, हे नाही. आजच सासूबाईंना फोन करा आणि गीझरचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा त्याचा स्विच, खाली पाडायला सांगा. भिंतीवरच्या बटणावर विसंबू नका, जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले मी पुष्कळदा पाहिलेत. डमी निघेपर्यंत तो गीझर चालू करायचा नाही.

कारण सांगतो. पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांचं पाणी ७५ अंशांपर्यंत तापवलं तर ते सव्वादोन टक्क्यांच्या आसपास वाढतं, म्हणजे २५ लिटरच्या टाकीत अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. हे वाढलेलं पाणी कुठेतरी जायला हवं. थंड पाण्याच्या नळीवर परत न जाऊ देणारा व्हॉल्व्ह नसेल तर ते मागे, छपरावरच्या टाकीकडे सरकतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही. पण कंपनीने दिलेला जो पितळी व्हॉल्व्ह असतो, त्यात नॉन-रिटर्नची सोयही असते आणि दाब सोडण्याचीही. मागची वाट बंद झाली की दाब वाढतो, ठरलेल्या आकड्याला पोचला की व्हॉल्व्ह चार थेंब सोडतो. आपल्याकडच्या बहुतेक गीझरांवर ८ बार असं छापलेलं असतं (बार हे दाबाचं माप). छपरावरची टाकी गीझरच्या ४ मीटर वर असेल तर तिचा दाब असतो जेमतेम ०.४ बार. म्हणजे ८ बारचा प्रश्न येतो तो फक्त तापवताना. मागच्या वर्षी टपकत होतं ते बहुधा हेच. ती गळती नव्हतीच, व्हॉल्व्ह आपलं काम करत होता.

त्याच्या तोंडाला डमी मारली. मग ते अर्धा लिटर पाणी कुठे गेलं? सगळ्यात कमजोर सांध्यातून बाहेर पडलं. कधी कॉइलच्या प्लेटखालचं गॅस्केट, कधी गरम पाण्याची लवचीक नळी, कधी नळाचा वायसर. म्हणून मला तुमचं आत्ताचं बुडातलं टपकणं हे मागच्या वर्षीच्या 'दुरुस्ती'चं लेकरू वाटतं. आणि हे टपकतंय म्हणून बरं. सगळे सांधे घट्ट असते आणि त्यातच थर्मोस्टॅट चिकटला असता, तर पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही दाबाखाली पाणीच राहिलं असतं. अशी टाकी फुटली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि १ लिटर पाण्याची वाफ साधारण १६०० लिटर जागा मागते. मी १४ वर्षं जहाजावर फिटर होतो. तिथे सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायची कोणाची टाप नसे. इथे गावात २० वर्षं गीझर आणि पंप दुरुस्त करतोय, आणि दर पावसाळ्यात दोन-तीन तरी डमी काढतो.

आजीच्या न्हाणीतल्या भाणाची, म्हणजे पाणी तापवायच्या मोठ्या भांड्याची, गोष्ट वेगळी. तांब्याचं, तोंड उघडं, खाली चुलीचा जाळ. भोक पडलं तर निखाऱ्यावर चर्र आवाज व्हायचा, गळती शोधायला कोणाला बोलवावं लागत नसे. तोंड उघडं असल्यामुळे दाबाचा विषयच नव्हता. गीझर म्हणजे झाकण बंद केलेलं भाण.

आता दिरांच्या काट्याचं. त्यांचं बरोबर आहे, पण त्यांचं यंत्र वेगळं. तिकडचा घर तापवणारा बॉयलर तेच ते पाणी बंद नळ्यांतून आणि रेडिएटरमधून फिरवत राहतो. थंड असताना काटा साधारण १ ते १.५ बारवर असतो, हळूहळू खाली उतरला की समजायचं पाणी कुठेतरी बाहेर जातंय. शिवाय त्या पाण्यातला प्राणवायू सुरुवातीला थोडं लोखंड खाऊन संपतो, मग गंज मंदावतो. तिकडचा जाणता मेकॅनिक म्हणूनच वारंवार पाणी भरावं लागणाऱ्या बॉयलरला घाबरतो. प्रत्येक भरणीबरोबर नवा प्राणवायू आत जातो आणि तळाशी काळा गाळ साठतो. आपल्या गीझरमध्ये दर बादलीला ताजं पाणी, म्हणजे दर बादलीला ताजा प्राणवायू. काटा लावून उपयोग नाही, कारण नळ उघडला की दाब उतरणारच. इथे काट्याऐवजी घड्याळ बघायचं.

घड्याळ म्हणजे काय, तर पाणी गळतं कधी. गीझर बंद करून रात्रभर तसाच ठेवा, आतलं पाणी पूर्ण निवू दे. सकाळी खाली जुना पेपर पसरा. थंड असतानाही थेंब पडत असतील तर दाबाचा दोष नाही, कुठेतरी खरंच भोक किंवा ढिला सांधा आहे. थंड असताना कोरडं आणि तापवायला लागल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी ओलं, तर फुगवट्याचं पाणी. अंघोळीसाठी नळ उघडल्यावरच ओलं होत असेल, तर गरम पाण्याच्या बाजूची नळी किंवा सांधा बघा. तुमच्या बाबतीत तापवायची पायरी डमी निघाल्यावरच, थंडवाली मात्र आजही करता येईल.

दुसरी पायरी, गळतं कुठून. इथे लोक फसतात, कारण थेंब जिथे पडतो तिथे तो निघालेला नसतो. टाकी आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये फोम असतो. वर भोक पडलं तरी पाणी त्या फोममधून वाट काढत बुडाच्या भोकातून खाली येतं. म्हणून वीज बंद करून खालचं प्लास्टिकचं झाकण काढायचं, आतलं सगळं फडक्याने कोरडं करायचं आणि प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळायची. जी पट्टी आधी भिजेल तो चोर. जहाजावर आम्ही खडू फासायचो, पाण्याचा ओघळ पांढऱ्यावर लगेच उमटतो. दोन्ही चालतं.

पट्टी मधल्या गोल प्लेटच्या कडेला भिजली, म्हणजे जिथे कॉइल आणि थर्मोस्टॅट बसवलेले असतात तिथे, तर गॅस्केट कडक झालंय. ते बदलता येतं, गीझर टाकायची गरज नाही. पितळी निपलवर, म्हणजे नळी जोडायच्या आटेदार तुकड्यावर, भिजली तर निपलचा रंग बघा. जुनं पितळ पिवळं राहायचं सोडून गुलाबीसर, तांब्यासारखं दिसायला लागलं असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय. वरून धड दिसतं, पाना लावला की भुगा होतो. टेफ्लॉन टेप गुंडाळून ते वाचत नाही. सांध्यावर पाणी दिसत नाही पण खडा जमलाय, असंही असतं. तिथे गळती इतकी बारीक असते की पाणी सुकून जातं आणि त्यातलं मागे उरतं. पांढरा खडा क्षाराचा, हिरवा-निळा तांब्या-पितळेचा, तांबडा लोखंडाचा. आणि सगळ्या पट्ट्या कोरड्या, पण फोम ओला आणि त्यातून तपकिरी पाणी उतरतंय, तर टाकी गेली. पहिल्या प्लंबरचं मग बरोबर.

एक माझी फजिती सांगून ठेवतो. सुरुवातीच्या वर्षांत फोंड्याला एका घरी भर पावसाळ्यात गीझर गळतो म्हणून बोलावलं. बूड ओलं, भिंत ओली, खाली पाणी. मी गीझर उतरवला, दुकानात नेऊन पाण्याने भरला, दाब दिला. टाकी ठणठणीत. परत गेलो तर गीझर नसतानाही भिंतीतून पाणी येत होतं. चिऱ्याच्या भिंतीने बाहेरून पाऊस प्यायला होता आणि तो गीझर टांगायच्या बोल्टांच्या भोकांतून आत उतरत होता. दोन दिवस त्या घरच्यांनी चुलीवर पाणी तापवलं ते माझ्यामुळे. तेव्हापासून आधी भिंतीला हात लावतो. तुमचंही चिऱ्याचं घर आहे, म्हणून तुम्हीही लावा. त्याच वेळी टांगायच्या पट्ट्या आणि बोल्ट बघा. भरलेला २५ लिटरचा गीझर ३५ किलोच्या पुढे जातो आणि तो खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर लटकत असतो. टाकीच्या गंजाची सगळ्यांना काळजी, या बोल्टांच्या गंजाकडे कोणी बघत नाही.

आता लालसर बादली. इथे मी टाकीवर आरोप करायला बिचकतो, कारण तुमचं गाव लोहखनिजाच्या खाणपट्ट्यातलं आहे आणि तुम्ही लिहिलंय की नळाला पाणी नसलं की विहिरीचं पंपाने वर चढवतात. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोखंड असेल तर पाणी काढल्याबरोबर स्वच्छ दिसतं. हवा लागली, वेळ गेला, किंवा तापवलं की मग लाल होतं. म्हणजे गंज टाकीचा नसतानाही गरम पाणी लाल आणि थंड स्वच्छ दिसू शकतं.

यासाठी काचेचे तीन पेले घ्या. पहिल्यात थेट विहिरीचं पाणी, दुसऱ्यात न्हाणीतल्या थंड नळाचं सकाळचं पहिलं पाणी, तिसऱ्यात गरम नळाचं पहिलं पाणी. गीझर बंद असला तरी गरम नळाला पाणी टाकीतलंच येतं, तेव्हा हे आजही करता येईल. तिन्ही रात्रभर झाकून ठेवा. विहिरीचा पेला सकाळी लाल झाला तर लोखंड पाण्यातच आहे, गीझरला बोल लावू नका. विहिरीचा स्वच्छ पण थंड नळाचा लाल, तर जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पाइप आतून गेलीय. फक्त गरम नळाचा लाल आणि तळाशी पापुद्रे किंवा कण, तर टाकी किंवा गीझरच्या तोंडाचा लोखंडी निपल. त्या बोटभर निपलमुळे किती चांगले गीझर भंगारात गेले असतील कोण जाणे. पितळ आणि लोखंड ओल्यात एकमेकांना चिकटले की लोखंड आधी मरतं.

गोव्यात पाण्याचा स्वभाव गावागणिक बदलतो, म्हणून एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याला सांगणं कठीण. ओपा किंवा असनोड्याच्या जलशुद्धीकरण केंद्राचं नळाचं पाणी असेल तर गीझर सहसा बरा टिकतो. चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा मऊ आणि किंचित आंबट असतं. ते खडा जमू देत नाही पण धातू कुरतडतं, पांढऱ्या बेसिनवर नळाखाली हिरवट-निळा डाग दिसला की ओळखा. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, कडेच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, आणि त्यातलं मीठ स्टीलच्या टाकीलाही वेल्डिंगच्या कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतं. समुद्राकाठी बाहेरचा पत्रा आधी गंजतो. तो दिसायला भयंकर, पण आतल्या टाकीशी त्याचा संबंध नसतो. मासळीबाजारात आणि न्हाणीत वरवरच्या रंगावर जाऊ नये.

टाकीच्या आत एक कांडी असते, तिच्याबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं नसणार. बहुतेक गीझरांची टाकी साध्या पोलादाची, आतून काचेसारखा मुलामा भाजलेला. त्या मुलाम्याला कुठेतरी बारीक तडा असतोच. म्हणून मॅग्नेशियमची कांडी सोडतात, ती लोखंडाच्या आधी स्वतः झिजते. जहाजाच्या बुडाला आम्ही याच कामासाठी जस्ताच्या वड्या लावायचो. गीझरमध्ये जस्त चालत नाही, ६० अंशांच्या आसपास आणि वर जस्ताची वागणूक उलटू शकते आणि मग लोखंडच झिजायला लागतं. कांडी कॉइलच्या प्लेटवरच बसवलेली असते. प्लेट उघडली की ती बघायचीच. निम्म्याहून अधिक लांबीवर आतली तार उघडी पडली असेल तर बदला. विहिरीचं पाणी असेल तर दर वर्षी बघावी, नळाचं असेल तर दोन वर्षांनी. १३ वर्षांत तुमची एकदाही बदलली नसेल, तर आता तिथे नुसती तार लटकत असेल आणि टाकी कधीचीच निराधार झाली असेल. त्यात वर्षभर डमीमुळे दर अंघोळीला टाकी फुगली आणि बसली. पोलाद ताणलं जातं, काचेचा मुलामा नाही. तडे वाढले असणार. म्हणून तुमची टाकी वाचली असेल की नाही, हे मी इथून छातीठोक सांगत नाही. गॅस्केटवरच भागलं तर मला आनंद होईल, इतकंच.

वेल्डिंगवाल्याचं मात्र ऐकू नका. मुलामा भट्टीत भाजलेला असतो. बाहेरून वेल्डिंग मारलं की आत त्या जागेभोवतीचा मुलामा उडतो आणि महिन्या-दोन महिन्यांत बाजूलाच नवं भोक पडतं. शिवाय फोम जळतो, त्याचा धूर छातीत घेण्यासारखा नसतो. बाहेरून एम-सील लावणं म्हणजे आतून ढकलणाऱ्या पाण्याला बाहेरून विनवणी. अपवाद एकच. फार जुन्या गीझरमध्ये तांब्याची टाकी निघाली तर तिचं भोक झाळून बुजवता येतं. ती तशी निघालीच तर भंगारवाल्याला लोखंडाच्या भावात देऊ नका, हेही सांगून ठेवतो.

गळतीपेक्षा तातडीची अशी आणखी एक खूण आहे. सासूबाईंना विचारा, नळाला हात लावला की मुंग्या येतात का, किंवा गीझर लावला की आरसीसीबी (वीज गळली की आपोआप पडणारा स्विच) पडतो का. यातलं एकही 'हो' असेल तर बहुधा कॉइलचं तांब्याचं कवच कुरतडलं गेलंय आणि वीज पाण्यात उतरतेय. मेकॅनिक मीटर लावून २००० वॉटची कॉइल २६ ओहमच्या आसपास दाखवतेय म्हणून ठीक म्हणेल, पण ते पुरेसं नाही. कॉइलच्या टोकांपासून कवचापर्यंतचं इन्सुलेशन मेगर नावाच्या मीटरने बघायला सांगा, आणि अर्थिंग खरंच जमिनीत जातंय का तेही.

आता माणूस येईल तेव्हा कामाचा क्रम. एमसीबी बंद, थंड पाण्याचा कॉक बंद, गरम नळ उघडून दाब सोडायचा, मगच डमीला पाना लावायचा. जुना व्हॉल्व्ह वर्षभर कोंडलेला आहे, तो परत वापरू नका, नवीन बसवा. त्याच्या तोंडाला एक नळी लावा आणि ती खाली मोरीपर्यंत सोडा, टोक उघडं ठेवून. डोक्यावर थेंब पडतात ही सासूबाईंची तक्रार असेल तर तिचा इलाज ही नळी आहे. व्हॉल्व्हमध्ये एक वितळणारी गुंडीही असते. पाणी उकळीच्या जवळ गेलं की ती जाते आणि पाणी धो धो वाहतं. तसं कधी झालं तर नुसती गुंडी बदलून भागत नाही, थर्मोस्टॅटही बदलायचा. मग प्लेट उघडून गॅस्केट, कांडी आणि बुडाचा गाळ. टाकी भरल्यावर गरम नळातून हवा न फुसफुसता सलग धार आली, तरच वीज चालू. रिकाम्या टाकीत कॉइल लावली की ती काही मिनिटांत जाते आणि दोष मग 'डुप्लिकेट माला'वर जातो.

एवढं करूनही थंड असताना फोममधून तपकिरी पाणी आलं, तर नवीन घ्या आणि मागे वळून बघू नका. घेताना तुमच्या विहिरीच्या पाण्याला चालेल अशी कांडी आहे का ते विचारा, आणि बसवणाऱ्याला लोखंडी निपल वापरू देऊ नका.

तुम्ही असंही विचारलंय की सासूबाई मुंबईला आल्या की घर तीन-चार महिने बंद असतं, तेव्हा टाकी रिकामी करावी का? माझं मत, करू नका. अर्धवट रिकाम्या, ओलसर टाकीत गंज जास्त खेळतो आणि तिथे कांडीचाही उपयोग नाही, ती पाण्यात बुडालेली असेल तरच काम करते. भरलेली ठेवा, कॉक बंद, एमसीबी बंद. परत आल्यावर चार-पाच बादल्या सोडून द्या. पहिल्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, साचलेल्या पाण्यातले जिवाणू आणि मॅग्नेशियम यांची ती करामत. धुवून एकदा पूर्ण तापवलं की बहुतेकदा जातो.

तोवर चुलीवर पाणी तापवावं लागेल. जुनं घर आहे, माळ्यावर भाण असेलच. फक्त भरलेलं भाण एकट्याने उतरवायला जाऊ नका म्हणावं, तांब्याने काढून घ्या.